मथीबाईचा पहारा

मथीबाईचं नाक आमच्या भागात बदनाम होतं. ती कुणाशी बोलायला लागली की आधी अर्धं पाऊल पुढे यायची, हनुवटी जरा वर करायची आणि समोरच्याचं तोंड हुंगायची. मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या शाळेवर मी बदलून आलो, त्या पहिल्या सकाळी तिने मलाही हुंगलं. मग व्हरांड्यातूनच बाहेरच्या बायांना ओरडून सांगितलं, "गुरुजी पीत नाय!" आणि चूल पेटवायला निघून गेली. इतकं जाहीर प्रमाणपत्र मला डी.एड.लाही मिळालं नव्हतं.

ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अंगाने बेताची, पण खिचडीचं भरलं पातेलं चुलीवरून एकटी उतरवायची. बोली पाड्याची. माझ्याशी बोलताना ती त्यात शाळेची मराठी मिसळायची आणि फारच चिडली तर हिंदीत शिरायची. ही हिंदी ती नवऱ्याबरोबर ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर शिकली होती, आणि तिच्यात शिव्याच जास्त होत्या.

नवरा लखमा. "माझा नवरा दारुडा आहे," हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, एखादीने माझा नवरा वायरमन आहे म्हणावं तसं. मी गोंधळलो. पाड्यावर या गोष्टीला शंभर पडदे होते. कुणी "जरा घेतलेली" असायचा, कुणाला "बरं नसायचं", कुणाचं "देवाचं होतं". मथीबाईला पडदे ठाऊक नव्हते. "पिऊन पडला" असंच ती म्हणायची, सासूसमोर, सरपंचासमोर, आणि लखमासमोरही. तो मान खाली घालून हसायचा. त्याचं हसणं फार गोड होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मथीबाई इतकी का झटली ते कळायचं नाही.

एकदा तालुक्याहून एक साहेब शाळेची पाहणी करायला आले. दुपारचे बारा. खिचडीची चव बघायची म्हणून ते पोरांच्या पंगतीत बसले. मथीबाई पळी घेऊन वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली, वाकली, हुंगलं आणि पळी मागे घेतली. "साहेब, तुमी उठा. तोंडाला वास येतो. पोरांच्या पंगतीत नाय बसायचं." साहेब लाल झाले, उठले, गाडीत जाऊन बसले. पुढे माझ्या नावाने एक खुलासा मागवणारं पत्र आलं आणि मी तीन पानं गुळमुळीत मजकूर लिहून पाठवला. मथीबाईला मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लखमाला मी हाकलते, तो तर माझा नवरा. हा कोन लागतो माझा?" ऐकून मला मनातून आनंदच झाला. तो आनंद मी लपवला, कारण नोकरी करायची होती.

माझ्या दुसऱ्या वर्षी तिने लखमाला घरात कोंडलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. दाराला बाहेरून साखळी घातली, कुडाच्या भिंतीला एका जागी हात जाईल एवढं भोक केलं आणि त्यातून नागलीची भाकरी आणि पाणी द्यायला लागली. दोन दिवस तो ओरडला. तिसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं तेव्हा ती खूश होऊन शाळेत आली आणि मला म्हणाली, "उतरली बघा." ती घरी गेली तर लखमा जमिनीवर हातपाय झाडत पडलेला, तोंडाला फेस, जीभ दाताखाली. जीप मिळवून जव्हारला नेईपर्यंत त्याला आणखी दोनदा फेफरं आलं. डॉक्टरने तिला समोर बसवून समजावलं: इतकी वर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर माणूस जाऊ शकतो, हे औषधाखाली, दवाखान्यातच करायचं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सोड, सोड, सगळे बोलतात गुरुजी. सोडताना मरतो, हे मला कोनीच नाय सांगितलं."

तिथून ती त्याला नाशिकच्या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. दोन महिन्यांनी लखमा परत आला तो गाल भरलेला, नखं कापलेला. खरा पहारा त्यानंतर सुरू झाला.

सकाळी ती शाळेत येताना त्याला घेऊन यायची. चुलीसमोर बसवून गोळी द्यायची आणि जीभ उचलून दाखवायला लावायची. मग तो लाकडं फोडायचा, बटाटे सोलायचा, कुंपणाची कामटी बांधायचा. ती पाण्याला गेली तर तो मागे, ती सरपणाला गेली तर तो मागे. बाया हसायच्या. काशिनाथ, लखमाचा चुलतभाऊ, वाड्यावस्त्यांवर सगळ्यांना हवाहवासा वाटणारा, बोलायला मोकळा माणूस. तो एकदा शाळेच्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"मंग नळी काढायचीच नाय," मथीबाई म्हणाली आणि तांदूळ धुवायला वळली.

मला तेव्हा हे फार आवडलं होतं. चार ठिकाणी मी ते सांगितलंही. त्या नळीत लखमाला कसं वाटत असेल हा विचार माझ्या मनात आला नाही, तिच्या तर नाहीच.

आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावायचं काम, कुणी एकटं करत नाही. आज दहा जण तुझ्या शेतात, उद्या तेच दहा माझ्या. मजुरीचा प्रश्न येत नाही. ज्याचं शेत त्याने संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं आणि मोहाची पाजायची. दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसांना ती लागते, हे मीही समजू शकतो. मथीबाईने जाहीर केलं, की माझ्या अंगणात एक थेंब येणार नाही, कोंबडा कापीन. पहिल्या वर्षी लोक आले. कोंबडा खाल्ला, मग हात धुवून बसून राहिले. तिने चहा आणला. काशिनाथने कप हातात घेतला, बघितला आणि म्हणाला, "वहिनी, चहावर पाठ सरळ होत नाय गो."

दुसऱ्या वर्षी कुणी आलं नाही. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. ज्याला विचारावं त्याचं त्या दिवशी दुसरीकडे ठरलेलं असायचं. मथीबाई आणि लखमा दोघंच वाकले. रविवारी मीही पँट वर करून गेलो आणि अर्धं खाचर लावलं. दुसऱ्या दिवशी तिने माझी सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. राबात, म्हणजे रोपं वाढवतात त्या वाफ्यात, उरलेली रोपं तोवर जून झाली होती, त्या साली भात निम्मंच आलं.

लग्नाला बोलावणी यायची ती तिला एकटीला. ती जायची, लखमाच्या वाट्याचं पानात बांधून आणायची. तो ते मुकाट्याने खायचा. एका दुपारी बटाटे सोलता सोलता तो मला म्हणाला, "गुरुजी, मी बरा झालो. पन कोनाचा नाय राह्यलो." मी हे मथीबाईच्या कानावर घातलं, जरा जपूनच. ती पातेलं घासत होती, हात थांबला नाही. "पीत व्हता तवा सगळ्यांचा व्हता. माझा नव्हता," ती म्हणाली. दोघांचंही खरं होतं आणि मी मध्ये उभा होतो, काही उपयोग नसलेला.

तरी वर्ष उलटून गेलं. मथीबाई हुंगायची ते आता सवयीने, धास्तीने नव्हे. जव्हारजवळ शिरपामाळला पुण्यामुंबईचे लोक गाड्या घेऊन येतात, महाराजांच्या मुक्कामाच्या जागेचं दर्शन घेतात आणि उतारावर बाटल्या टाकून जातात. ते पर्यटक असतात. लखमा मात्र वर्षभर कोरडा राहूनही तालुक्यात दारुडा लखमाच होता. मथीबाईला याचा राग येत नसे, मला यायचा. राग मला चटकन येतो, त्यातून काही निघत नाही.

भात झोडून झाल्यावर लखमाची आई गेली. पाड्यावर सगळे तिला डोकरी म्हणत. म्हातारपणाने गेली, कुणाला त्रास न देता. आता तिचे दिवस घालायचे. त्यांच्याकडे रीत अशी, की मुलाने पानाच्या दोन्यात मोहाची दारू घ्यायची, मेलेल्याचं नाव घेऊन जमिनीवर धार सोडायची, उरलेली स्वतः प्यायची आणि मग दोना सगळ्या भाऊबंदांत फिरवायचा. मेलेल्याला दिलेल्यातलं उरलेलं टाकत नाहीत. टाकलं तर त्याने दिलेला प्रसाद नाकारल्यासारखं होतं.

मथीबाई माझ्याकडे आली. मला तो प्रसंग लख्ख आठवतो, कारण तो मला विसरायचा आहे. व्हरांड्यात मी वह्या तपासत होतो. ती खांबाला टेकून उभी राहिली. "गुरुजी, मेलेल्याला दारूच लागते असं पुस्तकात हाय का?"

मी पेन बंद केलं. अशा प्रश्नाची मी वाटच बघत होतो. मी तिला अर्धा तास सांगितलं. रूढी माणसांनी केल्या, माणसंच बदलू शकतात, देवाला भाव लागतो, वस्तू नाही. पाणी दिलं तरी पोचतं. सिन्नरकडून आलेला, पाड्यावर कुणाचेच दिवस कधी न घातलेला मी, डोकरीला काय पोचतं आणि काय नाही ते तिला सांगत होतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने स्वतःच तोड काढली. मोहाची सुकवलेली फुलं तिने रात्रभर पाण्यात भिजत घातली, सकाळी चुरली, गाळली. "मोहच ना, गुरुजी? फकत सडवला नाय न् उकळला नाय." मी तिच्या हुशारीवर खूश झालो. तालुक्याच्या शिक्षकांच्या बैठकीत मी हे प्रबोधनाचं उदाहरण म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

लखमाने ते पाणी दोन्यात घेतलं. "आये, घे," म्हणून धार सोडली. उरलेलं प्यायला. दोना फिरला. बहुतेकांनी ओठ लावले. काशिनाथने मात्र आपल्या हातातला दोना जमिनीवर पालथा ठेवला आणि घरी गेला. मी म्हटलं, जाऊ दे, एक गेला.

पुढच्या दोन महिन्यांत लखमाचा बैल कड्यावरून घसरून मेला. मग त्याचाच पाय सुजला. पाड्यावर कुणी भांडायला आलं नाही, पण जो येईल तो जाता जाता एकच वाक्य टाकून जायचा: "डोकरी तहानलेली गेली." भगतानेही तांदूळ टाकून तेच सांगितलं. लखमा एका दुपारी लाकडं फोडायचा थांबला आणि मला म्हणाला, "डोकरी सपनात येते, गुरुजी. उंबऱ्यावर बसते. बोलत काय नाय. ओंजळ पुढं करते."

"मनाचे खेळ असतात," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, साहेबलोकांपुढे हलवतात तशी. मथीबाईला त्याने सांगितलं तेव्हा तिने उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवस ठेवला. डोकरी येतच राहिली.

मथीबाईला एका गुरुवारी मोखाड्याला पंचायत समितीत कागदासाठी जावं लागलं. लखमाला ती माझ्या हवाली करून गेली. "नजर ठेवा," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला पोरांची काहीतरी माहिती ऑनलाइन भरायची होती आणि रेंज फक्त मागच्या टेकाडावर. मी फोन घेऊन निघालो तर लखमा समोर आला. चोरून गेला नाही तो, ही गोष्ट मी मथीबाईखेरीज कुणाला सांगितलेली नाही. सरळ माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, डोकरीचं काम राह्यलंय. करून येऊ?"

मला कळलं होतं. कसलं काम, ते मला पूर्ण कळलं होतं. पण माहिती पाचच्या आत भरायची होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची मला हिंमत झाली नाही. "लवकर ये," मी म्हटलं.

त्याने काशिनाथकडून वाटीभर आणली. डोकरीला जाळलं त्या जागी जाऊन तिच्या नावाने धार सोडली. वाटीत घोटभर उरली. ती टाकायची नव्हती. पावणेदोन वर्षांनी लखमा तो घोट प्यायला, आईच्या हातचा म्हणून. संध्याकाळी तो नाल्याच्या काठी सापडला. वाटी केव्हाच संपली होती, काशिनाथकडची बाटलीही संपली होती.

मथीबाई जीपमधून उतरली तेव्हा लोकांनी त्याला अंगणात आणून टाकलं होतं. ती ओरडेल, मारेल असं सगळ्यांना वाटलं. तिने त्याचं डोकं उचलून खाली पोतं सरकवलं. मग माझ्याकडे वळली. "तुमाला सांगून गेला?"

"हो."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर शाळेत आली, खिचडी केली, माझं ताट नेहमीसारखं टेबलावर आणून ठेवलं. फक्त बोलली नाही. माझी बदली होईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही आणि रोज ताट ठेवत राहिली. लखमा या वेळी आधीपेक्षा दुप्पट प्यायला लागला. डोकरी स्वप्नात यायची थांबली, असं त्याने पाड्यावर सगळ्यांना आनंदाने सांगितलं. लोकही खूश झाले. आवणीला पुन्हा माणसं आली, काशिनाथ सगळ्यांच्या पुढे. बाटल्या त्यानेच आणल्या. मथीबाईने जेवण वाढलं आणि बाटल्यांकडे पाठ करून चुलीपाशी बसली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात माझी जव्हारजवळच्या शाळेवर बदली झाली. मी सुटलो म्हणून निघालो, उगाच दुःखाचं सोंग आणत नाही.

वर्षभराने मोखाड्याच्या बाजारच्या दिवशी ती मला दिसली. जीपा लागतात तिथे एक नाशिकची जीप अर्धी भरून उभी होती. मागच्या बाकावर लखमा. डोळे पिवळे, पोट पुढे आलेलं, हात असे थरथरत होते की त्याने ते मांडीखाली दाबून धरले होते. शेजारी मथीबाई. तिच्या मांडीवर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. बाटलीत पाणी नव्हतं, हे वासावरूनच कळत होतं. तिने टोपणात थोडी ओतली आणि त्याच्या ओठांना लावली. तो आणखीसाठी बाटलीकडे झेपावला. तिने मनगटाने त्याचा हात दाबला. "आता नाय. गाडी सुटल्यावर."

भोवती माणसं जमली होती. पाड्यावरचे दोघेतिघे होते, काशिनाथही होता. तो हसत होता, पण त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, त्याला खरंच गंमत वाटत होती. "बघा बघा, आमाला थेंब आनू देत नव्हती. आता सोता पाजते!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ड्रायव्हरही हसला. मथीबाईने कुणाकडे पाहिलं नाही.

मी जवळ गेलो. तिने मला ओळखलं आणि माझ्याशी बोलली, वर्षाचं मौन कधी झालंच नव्हतं तशी. "दुसऱ्यांदा नेते नाशिकला. आता लिव्हर पन गेलंय, डॉक्टर बोलले. एकदम तोडली तं वाटेतच फिट येऊन मरेल. दवाखान्यात घेईपरयंत थोडी थोडी द्यायला सांगितली डॉक्टरनं." तिने टोपण पदराला पुसलं. "मी मोजून देते."

"मी येऊ सोबत?" मी विचारलं.

"तुमी येऊन काय करनार?" ती म्हणाली. रागाने नव्हे, खरंच विचारलं.

मागे माणसं अजून हसत होती. मला वळून त्यांना सांगता आलं असतं, की ही पाजत नाहीये, ही त्याला जिवंत ठेवून नाशिकला पोचवतेय. दोन वाक्यांचं काम होतं, आणि बोलायचा तर माझा धंदाच आहे. जीप भरली, ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि गाडी नाशिककडच्या तोरंगण घाटाच्या रस्त्याला लागली. मागच्या उघड्या बाजूने दोघं मला बराच वेळ दिसत होती. लखमा तिच्या खांद्याला धरून काहीतरी मागत होता, रडत होता बहुतेक. मथीबाईने एका हाताने त्याची मान आधाराने धरली आणि दुसऱ्या हाताने, गाडी हादरत असताना, एक थेंब न सांडता ती टोपण भरायला लागली.